गेमिंग लॅपटॉप धंद्यासाठी घ्यावा का? आधी हा हिशोब करा



गेल्या महिन्यात सोलापूरच्या कार्यशाळेनंतर बार्शीकडचा एक मुलगा माझ्यासाठी थांबला होता. वय असेल बावीस-तेवीस. मोबाईलवर एका गेमिंग लॅपटॉपचा फोटो उघडून ठेवलेला, खाली किंमत १,१८,००० रुपये. म्हणाला, "सर, लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा व्यवसाय सुरू करायचाय. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. हा घेऊ का?"

मी विचारलं, "आत्ता किती लग्नं हातात आहेत?"

"अजून एकही नाही सर. पण लॅपटॉप आला की कामं घेता येतील ना."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय. कोणी ओव्हनबद्दल म्हणतं, कोणी शिलाई मशीनबद्दल, हल्ली गेमिंग लॅपटॉपबद्दल जास्त ऐकू येतं. चॅनेलवरही हा प्रश्न सारखा येतो. व्हिडिओत पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं, पण हिशोब नीट मांडायला जागा लागते. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गेमिंग लॅपटॉप ही चांगली मशीन आहे. ठरावीक धंद्यांसाठी तर फारच चांगली. पण तिची ताकद बघून ती घ्यायची नाही. ती तुमचे किती तास वाचवते आणि त्या वाचलेल्या तासांना गिऱ्हाईक आहे का, हे बघून घ्यायची. वाचलेला तास विकला गेला तरच मशीनने कमावलं. नाहीतर आपण महागडी वस्तू घरात आणून ठेवली, एवढंच.

चला, एकेक मुद्दा बघू.

गेमिंग लॅपटॉपमध्ये वेगळं काय असतं?

साध्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर असतो आणि स्क्रीनवर चित्र दाखवण्यापुरतं ग्राफिक्स त्याच प्रोसेसरच्या पोटात असतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्याशिवाय एक वेगळी ग्राफिक्स चिप असते. तिला स्वतःची मेमरी असते. या दोघांना गार ठेवायला मोठे पंखे, तांब्याच्या नळ्या आणि भरपूर वीज पुरवणारा जाडजूड अडॅप्टर असतो. तुम्ही जादा पैसे मोजता ते मुख्यतः या चिपचे आणि तिला सांभाळणाऱ्या यंत्रणेचे.

म्हणजे पहिला प्रश्न सरळ आहे. तुमचं सॉफ्टवेअर ही चिप वापरतं का?

टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, कॅनव्हा, व्हॉट्सॲप वेब, ऑनलाइन स्टोअरचं काम यातलं काहीही त्या चिपसाठी अडून राहत नाही. फ्लेक्सवाल्यांचं कोरलड्रॉ मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं. ऑटोकॅडमध्ये फक्त टू-डी प्लॅन काढत असाल तरी तेच. या सगळ्यांना १६ जीबी रॅम आणि चांगली एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो.

उलट व्हिडिओ एडिटिंग, कलर ग्रेडिंग, ब्लेंडरमधलं थ्री-डी, इंटिरियरवाल्यांचं लुमियन, एन्स्केप किंवा डी-फाइव्ह रेंडर ही कामं त्या चिपवरच जगतात. इथे साधा लॅपटॉप हात टेकतो.

जमेच्या बाजू

पहिली बाजू वेगाची. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात घ्या. व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला तीन तास लागतात की एक तास, याने धंद्याला वाटतो तेवढा फरक पडत नाही, कारण एक्सपोर्ट रात्री लावून झोपता येतं. खरा फरक पडतो तो तुम्ही खुर्चीत बसलेले असताना. टाइमलाइनवर व्हिडिओ अडखळत चालतो, एक कट मारला की चार सेकंद थांबायचं, रंग बदलला की पुन्हा थांबायचं. दिवसभरात हे शंभर वेळा होतं. हा वेळ तुमचा जातो, मशीनचा नाही. चांगली ग्राफिक्स चिप हे अडखळणं कमी करते.

दुसरी बाजू गिऱ्हाइकासमोरची. कोल्हापूरच्या एक ताई आहेत, घरांचं इंटिरियर करतात. आधी त्या डिझाइन दाखवायच्या, गिऱ्हाईक म्हणायचं, "लॅमिनेट जरा गडद करून दाखवा." मग घरी येऊन बदल करायचा, रेंडर लावायचं, दुसऱ्या दिवशी पाठवायचं. तोवर गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याने तिसराच रंग सुचवलेला असायचा. आता त्या गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात बसून तिथल्या तिथे रंग बदलून दाखवतात. होकार त्याच बैठकीत मिळतो. त्यांना लॅपटॉपच हवा होता, डेस्कटॉप चालला नसता. आणि ताकदवानच हवा होता. त्यांच्यासाठी ही खरेदी शंभर टक्के योग्य.

तिसरी बाजू वाढवता येण्याची. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅमच्या दोन जागा आणि एसएसडीच्या दोन जागा असतात. आज १६ जीबीवर सुरू करा, धंदा वाढला की ३२ करा. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते, तिथे ही सोय नसते. पण सगळ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये ती असते असंही समजू नका, दुकानात विचारून घ्या.

उणे बाजू

आता दुकानदार सांगत नाही ते.

वजन आणि अडॅप्टर. उदाहरणच घेऊ. लेनोव्होचा लीजन ५ प्रो, २०२१ चं मॉडेल. हल्ली सेकंडहँड बाजारात दिसतं. स्क्रीन १६ इंची, रंगांच्या बाबतीत उत्तम, आरटीएक्स ३०७० ची चिप पूर्ण ताकदीने चालवणारी. मशीन म्हणून दणकट. पण वजन अडीच किलोच्या घरात आणि सोबत ३०० वॅटचा अडॅप्टर. ३०० वॅट म्हणजे घरातले साधे चार सिलिंग फॅन. सतत एवढी वीज लागत नाही, पण जोरात काम चालू असताना मागणी मोठी असते. गावात लाइट जाते आणि घर इन्व्हर्टरवर चालतं, अशांनी याचा विचार आधी करावा.

बॅटरी. या मशीनची बॅटरी ८० वॅट-अवरची आहे. मोठी आहे. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून लॅपटॉपवाले त्याच्या आतच राहतात. आता गणित करा. ईमेल, एक्सेल अशा कामात लॅपटॉपने २० वॅट घेतले तर चार तास चालेल. रेंडरिंगला १६० वॅट लागले तर अर्धा तास. प्रत्यक्षात बॅटरीवर असताना लॅपटॉप स्वतःच ताकद कमी करतो, म्हणजे वेगही मिळत नाही. तेव्हा "प्रवासात एसटीत बसून एडिटिंग करीन" हे डोक्यातून काढून टाका. गेमिंग लॅपटॉप म्हणजे इकडून तिकडे नेता येणारा डेस्कटॉप. प्लग मिळेल तिथेच तो खऱ्या अर्थाने चालतो.

उष्णता. लॅपटॉप कंपन्यांच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव, अकोला, नागपूर, चंद्रपूरला पारा ४४-४५ वर जातो आणि लग्नसराईही तेव्हाच असते! आतली चिप साधारण ९५-१०० अंशांपर्यंत तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. म्हणजे ज्या ताकदीचे पैसे तुम्ही मोजले, ती ऐन हंगामात कमी मिळते. खोलीत कूलर किंवा एसी, लॅपटॉपखाली हवा जायला स्टँड आणि सहा महिन्यांनी धुळीची सफाई, हा खर्च किमतीत धरायचा.

आवाज. पंखे जोरात सुरू झाले की त्याच खोलीत व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करता येत नाही. यूट्यूब किंवा ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांनी हे अनुभवाशिवाय कळत नाही म्हणून आधीच लिहून ठेवा.

स्क्रीन. ही चूक मी स्वतः केली आहे. चॅनेलसाठी पहिली मशीन घेतली तेव्हा १४४ हर्ट्झ बघून भुललो. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. १४४ हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते. गेम खेळणाऱ्याला त्याचा उपयोग. मला हवे होते खरे रंग. त्या स्क्रीनच्या माहितीत बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" लिहिलं होतं. याचा अर्थ इंटरनेटवर सर्वसाधारणपणे चालणाऱ्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण ६०-६५ टक्केच रंग ती स्क्रीन दाखवते. मी माझ्या स्क्रीनवर चेहरा छान दिसेपर्यंत रंग चढवायचो आणि लोकांच्या मोबाईलवर मी टोमॅटोसारखा लाल दिसायचो. शेवटी वेगळा मॉनिटर घ्यावा लागला. साड्या, दागिने, प्रिंटिंग, फोटोग्राफी या धंद्यात असाल तर "१०० टक्के एसआरजीबी" किंवा "७२ टक्के एनटीएससी" हे शब्द असल्याशिवाय पुढे जाऊ नका. साडीचा रंग चुकीचा दिसला की माल परत येतो.

दुरुस्ती. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला तर दोन्ही गेले. डेस्कटॉपचं तसं नसतं. जो भाग गेला तो काढून नवा बसवायचा, तालुक्याच्या गावातला मेकॅनिकही करतो. म्हणून लॅपटॉप घेताना तुमच्या पिनकोडवर घरी येऊन सर्व्हिस मिळते का, हे लेखी विचारा. सर्व्हिस सेंटर १०० किलोमीटरवर असेल तर प्रत्येक बिघाड म्हणजे दोन दिवस धंदा बंद.

गेमरला न लागणाऱ्या गोष्टी. असूसचा आरओजी झेफिरस जी १४ हा २०२० चा लॅपटॉप आठवतो का? १४ इंची, वजन दीड-पावणेदोन किलो, त्या आकारात अशी ताकद तेव्हा क्वचित दिसायची. सगळीकडे कौतुक झालं. पण त्यात वेबकॅमच नव्हता! आणि वर्ष कुठलं, तर सगळं जग व्हिडिओ कॉलवर आलं ते. मशीन वाईट होती असं अजिबात नाही. ती तुमच्या कामासाठी बनवलेली नव्हती, इतकंच. म्हणून वेबकॅम, माईक, कॅमेऱ्याच्या कार्डाचा स्लॉट, एचडीएमआय, हे तुमच्या यादीत लिहा. गेमरच्या रिव्ह्यूमध्ये यावर एखादंच वाक्य असतं.

नावावर जाऊ नका, वॅट बघा

हा मुद्दा सगळ्यात जास्त पैसे वाचवेल, म्हणून नीट वाचा.

दोन लॅपटॉपवर "आरटीएक्स ४०६०" असं एकच स्टिकर असलं तरी दोन्ही सारखे नसतात. लॅपटॉपमधली ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना दिली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये कमी वॅट, जाड लॅपटॉपमध्ये जास्त. नाव तेच, पण काम करण्याची ताकद वेगळी. एकच बैल, पण एकाला पोटभर वैरण आणि दुसऱ्याला अर्धी, असं समजा. कंपनीच्या वेबसाइटवर "टीजीपी" म्हणून हा आकडा असतो. दुकानदाराला विचारा. त्याला माहीत नसेल तर त्याच्यासमोर वेबसाइट उघडा.

दुसरी गंमत म्हणजे डेस्कटॉपचं आणि लॅपटॉपचं कार्ड एकाच नावाने विकलं जातं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी. यूट्यूबवर डेस्कटॉपचा रिव्ह्यू बघून लॅपटॉप घेऊ नका.

आणि लॅपटॉपच्या ४०६० मध्येही ८ जीबीच मेमरी असते. म्हणजे तुमचा थ्री-डी सीन ८ जीबीत मावत नसेल तर ४०७० साठी जादा पैसे मोजून वेग थोडा वाढेल, पण अडचण तिथेच राहील. अशा वेळी डेस्कटॉपकडे बघा.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट. तुमचा कॅमेरा "४:२:२ दहा-बिट" एच २६५ मध्ये शूट करत असेल, तर आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या एनव्हिडिया कार्डांना तो फॉरमॅट थेट उलगडता येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकला येतो. म्हणजे महागड्या कार्डापेक्षा योग्य प्रोसेसर जास्त कामाला येऊ शकतो. किंवा प्रॉक्सी बनवा. मूळ फाईलच्या छोट्या हलक्या प्रती करून त्यावर एडिटिंग करायचं आणि शेवटी मूळ फाईल जोडायची. प्रॉक्सी बनवणं दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही जमतं. जुन्या मशीनवर आधी हे करून बघा. कित्येकांचं काम इथेच भागतं.

आता हिशोब

वही घ्या. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुम्ही तुमचे टाका.

समजा लॅपटॉप १,१८,००० चा. चार वर्षं वापरून ३०,००० ला विकला. म्हणजे खर्च झाला ८८,०००. वर्षाला २२,०००. त्यात सफाई, स्टँड, किरकोळ दुरुस्ती, जादा वीज मिळून वर्षाला ६,००० धरा. एकूण वर्षाला २८,०००. हे झालं मशीनचं भाडं. तुम्ही रोख दिलेत, ईएमआयवर घेतलात, बाबांनी दिले, तरी भाडं तेवढंच आहे.

आता कमाई. जुन्या मशीनवर एका लग्नाचं एडिटिंग ३० तास बसून होत होतं. नव्यावर २२ तास. एका लग्नामागे ८ तास वाचले. महिन्याला चार लग्नं असतील तर ३२ तास. म्हणजे महिन्याला एक जादा लग्न आरामात बसतं. हंगामाचे सात महिने धरले तर सात जादा लग्नं. एका एडिटिंगचे ८,००० मिळत असतील तर वर्षाला ५६,००० जादा. मशीनच्या भाड्याच्या बरोबर दुप्पट. माझा नियम हाच आहे. जादा कमाई मशीनच्या वार्षिक खर्चाच्या दुप्पट दिसत असेल तर घ्या. दुप्पटच का? कारण आपण कमाईचा अंदाज नेहमी जास्त धरतो आणि खर्चाचा कमी. पन्नास टक्के चुकलात तरी नुकसान नको.

पण यात एक अट लपली आहे. ती सात जादा लग्नं देणारं गिऱ्हाईक खरंच आहे का? तुम्ही आज काम नाकारताय का? "नको, वेळ नाही" असं कोणाला म्हटलंय का? म्हटलं असेल तर वाचलेला तास विकला जाईल. महिन्याला दोनच लग्नं येत असतील आणि दोन्ही वेळेत पूर्ण होत असतील, तर नव्या मशीनने तुम्हाला सोळा तास झोप मिळेल. झोप चांगलीच आहे हो. पण वर्षाला २८,००० ची झोप परवडते का, ते तुम्ही बघा.

जीएसटी, कर आणि कर्ज

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. १,१८,००० मधले १८,००० जीएसटीचे. तुम्ही नियमित पद्धतीने जीएसटीत नोंदणीकृत असाल, बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल आणि ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसत असेल, तर धंद्याच्या वापरासाठी हे क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. नोंदणीच नसेल तर प्रश्नच येत नाही. ऑनलाइन घेताना घाईत वैयक्तिक नावाने बिल बनतं आणि १८,००० वर पाणी सोडावं लागतं. ऑर्डर देण्याआधी जीएसटी नंबर टाका.

आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा मिळतो. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर घेतलेली मशीन यात अडकते. दिवाळीची ऑफर घेताना हे डोक्यात असू द्या. आणि जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर त्या रकमेवर घसारा धरता येत नाही. तुमचं उत्पन्न अजून करपात्रच नसेल तर "टॅक्स वाचेल" हे कारण सांगून मशीन घेऊ नका. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? अनुमानित उत्पन्नावर रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएंना एक फोन करा.

कर्जाचं म्हणाल तर मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंत शिशु आणि त्यापुढे पाच लाखांपर्यंत किशोर गट आहे. १,१८,००० ची मशीन किशोरमध्ये जाते. मुद्रा हे कर्ज आहे, ते फेडायचं असतं, हे मी प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. "नो कॉस्ट ईएमआय" मध्येही क्रेडिट कार्डाच्या व्याजावर जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागते. रोखीची किंमत आणि एकूण हप्त्यांची बेरीज शेजारी शेजारी लिहून बघा.

मग कोणी घ्यावा?

तुमचं काम ग्राफिक्स चिपवर चालतं, तुम्हाला मशीन घेऊन गिऱ्हाइकाकडे जावं लागतं आणि आज वेळेअभावी काम नाकारताय. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील तर बिनधास्त घ्या.

पहिली आणि तिसरी खरी, पण तुम्ही एकाच टेबलावर बसून काम करता? मग डेस्कटॉप घ्या. त्याच पैशात जास्त ताकद, जास्त थंडावा आणि सोपी दुरुस्ती. सोबत यूपीएस मात्र हवाच.

तिसरी खोटी असेल, म्हणजे कामच पुरेसं नाही, तर कुठलीच मशीन घेऊ नका. तुम्हाला गिऱ्हाईक हवंय. १,१८,००० पैकी १५,००० सुद्धा गिऱ्हाईक शोधण्यावर नीट खर्च केलेत तर कळेल धंदा चालतो की नाही.

आणि मनातल्या मनात "काम नसेल तेव्हा थोडं गेमिंगही होईल" असं वाटत असेल, तर मोकळेपणाने मान्य करा. गेम खेळणं गुन्हा नाही. पण तो खर्च घरखर्चात लिहा, धंद्याच्या वहीत नको. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारा उद्योजक पुढे बँकेलाही आणि पार्टनरलाही खोटे आकडे दाखवतो.

दुकानात जाताना

तुमचा स्वतःचा एक खरा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर न्या. दुकानदाराला विनंती करा, सॉफ्टवेअर टाकून तो अर्धा तास चालवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्याच मशीन पळतात. अर्ध्या तासाने, तापल्यावर कशी चालते ते महत्त्वाचं. स्क्रीनवर तुमच्या मालाचा फोटो उघडा आणि तो माल हातात धरून रंग जुळवा. सेकंडहँड घेत असाल तर विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता त्यात दिसते. बिल आणि उरलेली वॉरंटी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरात असाल तर महिनाभर भाड्याने घेऊन बघा. एका महिन्याचं भाडं हे सगळ्यात स्वस्त शिक्षण आहे.

बार्शीच्या त्या मुलाचं काय झालं?

मी त्याला म्हटलं, "एफडी तीन महिने राहू दे. तोवर तुझ्या भागातल्या दोन फोटोग्राफरकडे जा. म्हण, तुमच्याच स्टुडिओत, तुमच्याच मशीनवर बसून एडिटिंग करतो, कामामागे पैसे द्या. तीन महिन्यांत तुला काम नाकारायची वेळ आली तर मला फोन कर. आपण दोघं मिळून मॉडेल निवडू."

खरं सांगतो, त्याचा चेहरा पडला. त्याला "घे" हे ऐकायचं होतं. मला ते कळत होतं. पण ती एफडी त्याच्या वडिलांनी कशी जमवली असेल, हेही मला दिसत होतं. धंदा बुडाला तर धंदा पुन्हा उभा राहतो. पण घरातला "याला एकदा पैसे दिले होते" हा विश्वास गेला की दुसऱ्यांदा भांडवल मागायला तोंड राहत नाही.

परवा त्याचा मेसेज आला. एका स्टुडिओत बसतोय. चार लग्नं पूर्ण केली, पाचवं चालू आहे. एफडी तशीच आहे. खाली विचारलंय, "सर, ४०६० घ्यायचा झाला तर किती वॅटचा बघू?"

प्रश्न बदलला, बघा. आता तो तयार होतोय.

तुमच्यासाठी गृहपाठ एकच. गेल्या तीन महिन्यांत वेळ नाही म्हणून किती कामं नाकारली, ती वहीत तारखेसह लिहा आणि तो आकडा मला कमेंटमध्ये कळवा. आकडा शून्य असेल तरी लाजू नका, कळवा. पुढचा व्हिडिओ मग त्यावरच करू, गिऱ्हाईक कसं आणायचं यावर.

भेटूया. हिशोब लिहीत राहा, धंदा वाढवत राहा!